वेट वेलमध्ये उतरणाऱ्यांसाठी गॅसचा अलार्म: प्रकल्प नोंदी, 2025

9 जानेवारी

काम नक्की झालं. सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर जी माणसं वेट वेलमध्ये उतरतात त्यांच्या अंगावर लावायचा गॅस अलार्म, आणि त्याचा सिग्नल वायरलेसने वर उभ्या असलेल्या माणसाकडे. स्टेशन एका नगरपालिकेचं आहे, चालवतो ठेकेदार. आम्ही तिघं. फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) आणि साइट माझ्याकडे, हार्डवेअर मित्राकडे, आणि कॉलेजातले आमचे सर सल्ल्याला. बसायची जागा भोसरीतल्या वर्कशॉपचा पोटमाळा.

वेट वेल म्हणजे काय ते लिहून ठेवते, पुढे कुणी वाचलं तर लागेल. गावभरच्या ड्रेनेज लाइनी शेवटी ज्या खोल टाकीत येऊन पडतात ती. खालचे पंप तिथून पाणी उचलून ट्रीटमेंट प्लांटला ढकलतात. आमच्या स्टेशनवरची साडेसहा मीटर खोल आहे, भिंतीला लोखंडी शिडी. पंपात चिंध्या, केस, प्लास्टिक, पॅड अडकतात, फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर तरंगून पंप चालूबंद करणारा) गुंततो, मग पंप ट्रिप होतो आणि कुणालातरी खाली जावं लागतं.

15 जानेवारी

पहिली साइट व्हिजिट. मुकादम मामा भेटले, उभं आयुष्य ड्रेनेजच्या कामात गेलंय. काल संक्रांत झाली म्हणून आधी तिळगूळ हातावर ठेवला मग बोलायला बसले. विचारलं, उतरायच्या आधी काय बघता? म्हणाले झाकण उघडून तासभर ठेवायचं, दोनचार बादल्या पाणी मारायचं, झुरळं पळताना दिसली की हवा आहे समजायचं, आणि फारच शंका आली तर काडी पेटवून आत टाकायची.

काडीचं ऐकून पोटात गोळा आला. मिथेन हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या मधे असेल तर एवढी ठिणगी पुरते. मामांना सांगितलं तर शांतपणे म्हणाले, "आमच्या उस्तादांनी हेच शिकवलं ताई, दुसरं काही कुणी हातात दिलंच नाही." खरंय ते. 2013 च्या कायद्याखाली जे नियम आले त्यात संरक्षक साहित्याची लांबलचक यादी आहे, चार गॅस मोजणारा मॉनिटर, ट्रायपॉड (टाकीच्या तोंडावर ठेवायची तिपाई), हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे), सगळं त्यात आहे. स्टेशनवर मला एक फाटका हार्नेस आणि गमबूट दिसले.

दुसरी एक गोष्ट सगळ्यांच्याच तोंडात आहे, "वास गेला की गॅस गेला." हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे एचटूएस, अगदी थोडा असला तरी सडक्या अंड्याचा वास नाकात भरतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. म्हणजे गॅस सगळ्यात वाईट असतो नेमका तेव्हाच माणसाला वाटतं की हवा सुधारली. पाचसहाशे पीपीएमच्या पुढे शुद्ध जायला वेळ लागत नाही, हजाराला तर एकदोन श्वासात माणूस कोसळतो. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, वर झाकणापाशी उभं राहून काहीच कळत नाही.

21 जानेवारी

सेन्सर. नेटवर अशा प्रोजेक्टांमध्ये सगळीकडे एमक्यू सिरीजचे स्वस्त सेन्सर दिसतात, एमक्यू-136 वगैरे. आमच्या यादीतून ते पहिल्याच दिवशी बाहेर. आत हीटर असतो, तो बॅटरी खातो, नीट रीडिंग यायला आधी कितीतरी तास तापत ठेवावा लागतो, आणि दमट हवेत आकडा कुठच्या कुठे सरकतो. वेट वेलमध्ये दमट सोडून दुसरी हवाच नसते.

घ्यायचा तो इलेक्ट्रोकेमिकल सेल. त्यात गॅस इलेक्ट्रोडवर रिअॅक्ट होतो आणि नॅनोअँपमध्ये करंट येतो, तो मोजायचा. पॉवर जवळजवळ लागत नाही. पण आयुष्य साधारण दोन वर्षं, आणि वरून दिसायला चांगला असलेला सेल आतून मेलेला असू शकतो, म्हणून रोज कामाआधी खरा गॅस सोडून बघायचं, त्याला बंप टेस्ट म्हणतात. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडलाही असेच सेल. मिथेनला पेलिस्टर की इन्फ्रारेड यावर आमच्यात बराच वाद झाला. पेलिस्टर गॅस जाळून मोजतो, म्हणजे ऑक्सिजन कमी असला की तो मिथेनही कमी दाखवणार, वर एचटूएस आणि सिलिकॉनच्या वाफेने तो हळूहळू निकामी होतो. आमच्या जागेत हे दोन्ही धोके आहेत म्हणून इन्फ्रारेड घेतला, महाग पडला तरी.

अलार्मचे आकडे: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली लाल. मिथेन त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या, म्हणजे त्या 5 टक्क्यांच्या, 10 टक्के, म्हणजे हवेत अर्धा टक्का झाला की लाल. एचटूएस बऱ्याच मशीनमध्ये 10 आणि 15 पीपीएमला सेट असतो, आम्ही 5 ला पिवळा आणि 10 ला लाल ठेवला. सरांचं म्हणणं की खालून शिडीपर्यंत यायलाही वेळ लागतो, तो वेळ माणसाला मिळालाच पाहिजे. पटलं.

30 जानेवारी

काल सुप्रीम कोर्टाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई आणि हाताने मैला काढणं बंद करायचा आदेश दिला. आज पोटमाळ्यावर दिवसभर हाच विषय.

मला मनापासून जे वाटतं ते इथे लिहिते. गाळ उपसायला माणूस उतरवायचाच नाही. त्यासाठी सक्शन गाडी आहे, जेटिंग (जोराच्या पाण्याने गाळ सोडवणं) आहे, केरळच्या मुलांनी बनवलेला मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो 2018 पासून वापरात आहे. आपल्या यंत्राकडे बोट दाखवून उद्या कुणी म्हणालं, अलार्म आहे ना मग उतर, तर हे काम न केलेलं बरं. पण पंप अडकला, गाइड रेल (पंप जिच्यावरून वरखाली होतो) वाकली, व्हॉल्व्ह बसला, अशा दुरुस्तीला आजही माणसं उतरतायत, आणि ती आज सकाळीही उतरली असतील. 2023 च्या ऑक्टोबरात कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली, पण ते पैसे माणूस गेल्यावर मिळणार.

ठरलं असं: आमचं मशीन चालू केलं की लालच असणार. हवा तपासली, ब्लोअर (आत ताजी हवा ढकलणारा पंखा) चालू, हार्नेसला दोरीचा हुक अडकवलेला, वर माणूस हजर, हे सगळं मशीनला कळल्यावरच हिरवं होईल. आणि गाळकाढणीच्या कामाला आम्ही ते देणार नाही, हे करारात लिहून घेतलं.

4 फेब्रुवारी

स्फोटक हवेत न्यायचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स इंट्रिन्सिकली सेफ लागतं, म्हणजे आत शॉर्ट झालं, वायर तुटली तरी गॅस पेटेल एवढी ऊर्जा बाहेर येता कामा नये. त्याचं टेस्टिंग लॅबमध्ये, मग पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील गोष्टींची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मंजुरी, त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. याला वेळ लागणार. बॅटरीला करंट लिमिट करणारा रेझिस्टर आणि दोन्ही रेझिनमध्ये ओतून बंद, कपॅसिटर कमीत कमी, चार्जिंगचे कॉन्टॅक्ट बाहेर उघडे नाहीत, हे डिझाइनमध्ये आत्तापासून. रेडिओची पॉवर हा प्रश्न नाही, एचटूएस ज्या गॅस ग्रुपमध्ये येतो तिथे मर्यादा 3.5 वॅटची आहे, आपण 0.1 वॅटच्याही खाली.

तोपर्यंत ट्रायलचा नियम एकच. खाली जाणाऱ्याच्या अंगावर मंजुरी असलेला विकतचा चार गॅसचा डिटेक्टर असणारच, उतरायचं की नाही ते तोच ठरवणार. वेलमध्ये मिथेन शून्य आणि ब्लोअर चालू असेल तरच आमचं यंत्र बरोबर जाईल.

17 फेब्रुवारी

रेडिओ.

आधी ब्लूटूथ लावून पाहिलं कारण चिप हाताशी होती. उघड्यावर मस्त. वेलमध्ये माणूस सरळ उभा असेपर्यंत ठीक, पंपाच्या मागे वाकला की गायब. 2.4 गिगाहर्ट्झला काँक्रीटही अडतं आणि माणसाचं शरीरही, आपण म्हणजे बहुतेक पाणीच. मग लोरा, कमी पॉवरवर लांब पोचणारा रेडिओ. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, लाट लांब असल्यामुळे कोपऱ्यातून वळून येते. साडेसहा मीटरवर पंपामागूनही सिग्नल आला. फक्त इनलेट पाइपच्या (जिथून सांडपाणी वेलमध्ये येतं) तोंडाशी माणूस गेला की तुटतो, म्हणून शाफ्टमध्ये मधोमध दोरीला एक छोटा रिपीटर टांगला, आता तिथूनही येतो.

मित्र म्हणाला रेंज वाढवायला स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, जितका मोठा तितकी रेंज जास्त पण पॅकेट सावकाश) 12 कर. केला नाही. 20 बाइटचं पॅकेट एसएफ7 ला हवेत साधारण 57 मिलिसेकंद राहतं, एसएफ12 ला सव्वा सेकंदाच्या वर. आम्हाला दर 2 सेकंदाला पॅकेट हवंय, इथे सगळा खेळ त्याचाच आहे. खालून "मी आहे, हवा अशी आहे" हे सतत येत राहिलं पाहिजे आणि 10 सेकंद काहीच आलं नाही तर वरच्या पेटीने ओरडायला सुरुवात करायची. बॅटरी संपली, अँटेना तुटली, यंत्र पाण्यात बुडालं, कारण काहीही असो, शांतता म्हणजे अलार्म. इंटरनेट, क्लाउड, सिमकार्ड यातलं काहीही या साखळीत नाही. स्टेशनवर मोबाइलला धड रेंज नसते आणि पावसात लाइट जाते, माणसाचा जीव त्यावर टांगायचा नाही.

26 फेब्रुवारी

बोर्डचा पहिला लॉट आला. दोन बोर्डांवर सोल्डरिंगमध्ये लोचा, बाकी चालू.

8 मार्च

यंत्र अंगावर कुठे लावायचं हा प्रश्न कागदावर सुटत नव्हता म्हणून नुसत्या रिकाम्या डब्या घेऊन गेलो आणि लोकांनाच लावायला सांगितलं. हेल्मेटवर नको, मान अवघडते आणि काढून ठेवलं जातं. कमरेला नको, चिखलात बुडतं. मनगटावर लावलं तर ग्लोव्हच्या आत जातं. शेवटी हार्नेसच्या पट्ट्यावर डाव्या खांद्याच्या हाडाशी, नाकापासून वीतभर. नाकाजवळची हवा मोजायची असते त्यामुळे आम्हालाही तेच हवं होतं, अँटेनाही वर तोंड करून राहते. सेन्सरच्या तोंडावर पाणी न घेणारा टेफ्लॉनचा पडदा, पण चिखलाचा थर बसला तर हवाही बंद, म्हणून वरून तिरकी टोपी केली.

धोक्याचं बटण कुणालाच दाबता आलं नाही. ओले रबरी ग्लोव्ह, अंगठ्याला बटण कळतच नाही, आणि मोठं केलं तर हार्नेस घासून आपोआप दाबलं जातं. तिथल्या सगळ्यात तरुण पोराने सांगितलं, ताई दोरी द्या, ओढायला जमेल. तसंच केलं, एक जाड कडी, खाली हिसका दिला की अलार्म. ग्लोव्ह घालून, डोळे मिटून, डाव्या उजव्या दोन्ही हाताने ओढून झालं.

22 मार्च

आजची नोंद लांब होणार.

खालच्यासाठी काय करायचं ते सोपं होतं, कंपन, झगझगीत लाइट आणि आवाज. वरच्या माणसासाठी आम्ही पेटीवर आकडे दाखवणारी स्क्रीन केली होती, सायरन, आणि रेकॉर्ड केलेला आवाज, "धोका! आत उतरू नका!" डेमो दिला. सगळ्यांनी मान डोलावली. मग चहाला बसलो तेव्हा मामांच्या टोळीतला एक जण, एरवी फार बोलत नाही, म्हणाला, "ताई, खालचा आपला माणूस असतो. तो पडला ना, की पाय आपोआप शिडीवर जातो. तुमचं मशीन नको म्हणेल, पण पाय ऐकत नाय." त्याचा चुलत भाऊ असाच गेलाय, दुसऱ्या गावात, सेप्टिक टँकमध्ये, खाली पडलेल्याला काढायला उतरला होता. दोघंही गेले.

हे एका घरापुरतं नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेच्या संस्थेने 1986 मध्येच लिहून ठेवलंय की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडच्या बातम्याही बघा, एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, एकाच टाकीत तिघं.

तेव्हा कळलं की नुसतं "नको" सांगून भागणार नाही, त्या माणसाच्या हातांना त्याच क्षणी काम दिलं पाहिजे. विंच, म्हणजे हँडल फिरवून दोरी वर खेचायचं यंत्र. खालचा आधीच दोरीला अडकवलेला असेल तर वरच्याला फक्त हँडल फिरवायचंय. म्हणून हुकमध्ये चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा) बसवतोय, हुक लागल्याशिवाय पेटी हिरवी होणारच नाही. पेटीही आता ट्रायपॉडच्या पायावर, विंचच्या हँडलशेजारी बसवायची, अलार्म बघायला मान वळवली की हँडल समोरच. आकड्यांची स्क्रीन काढून टाकली. हिरवा, पिवळा, लाल, बस्स. आकडे आत मेमरीत आहेत, नंतर बघायला.

आणि आवाज. कॉम्प्युटरचा आवाज सगळ्यांना रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटला, कानावर पडतो आणि सुटून जातो. मीच मामांना म्हटलं तुम्ही बोला. जनरेटर बंद करून स्टेशनच्या मागे गेलो, फोन समोर धरला. पहिल्यांदा मामा लाजले, पुस्तकी बोलायला लागले, "कृपया वर यावे". मग त्या पोराला समोर उभं केलं आणि म्हटलं, समजा हा खाली आहे आणि गॅस सुटलाय. मामांचा आवाज असा फुटला की पंपघरातला ऑपरेटर बाहेर धावत आला. "ए बाळा! हातातलं टाक! वर ये, वर ये!" वरच्यासाठी: "विंच फिरव! विंच फिरव! खाली कुणी जायचं नाय!" हेच दोन्ही ठेवले, एक शब्द बदलला नाही.

5 एप्रिल

वाळूची पोती बांधून 70 किलोचा पुतळा केला, वेलच्या तळाशी ठेवला, अलार्म वाजवला. पहिल्यांदा वर यायला जवळजवळ अडीच मिनिटं लागली, दोरी शिडीच्या कडेला अडकत होती. शुद्ध हरपलेल्या आणि श्वास थांबलेल्या माणसाच्या मेंदूला साधारण चार मिनिटांनंतर कायमचं नुकसान सुरू होतं, त्या वेळातच हालचाल थांबल्याचं ओळखणं, अलार्म, वर खेचणं, आणि वर आल्यावर मोकळ्या हवेत नेऊन श्वास देणं, हे सगळं बसवायचं. ट्रायपॉड शिडीपासून हातभर सरकवला, पुली बदलली, आता सव्वा मिनिटाच्या आत येतो. हार्नेसची मागची रिंग दोन्ही खांद्यांच्या मधे पाहिजे, पुढच्या रिंगला अडकवलं तर बेशुद्ध माणूस मागे झुकून डोकं कडेला आपटतं, पुतळ्याचं आपटलं.

हालचालीचं: अॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) 30 सेकंद स्थिर राहिला की माणूस पडला असं धरायचं असं बऱ्याच यंत्रांत असतं. आमच्यासाठी फार उशीर. 12 वर आणलं तर बोल्टला पाना लावून जोर देत उभा असलेला माणूसही पडलेला समजला जातो आणि सारखा वाजतो. सारखा वाजणारा अलार्म लोक चिंधी कोंबून बंद करतात. म्हणून 12 सेकंदाला फक्त खांद्यावर कंपन, खांदा हलवला की बंद, पुढच्या 8 सेकंदात नाही हलवला तर वर मामांचा आवाज. आडवा झाला असेल तर थांबायचंच नाही, ताबडतोब.

19 एप्रिल

ठेकेदाराच्या ऑफिसात मीटिंग. त्यांना मोबाइल अॅप पाहिजे, आणि त्यात प्रत्येक कामगार कुठे आहे, किती वेळ बसला, किती वाजता आला. म्हणाले यंत्र अंगावर आहेच तर जीपीएस टाकायला काय जातंय.

नाही म्हटलं. नागपूर, चंदीगड अशा महापालिकांनी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली होती हजेरीसाठी, चंदीगडला कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. घड्याळ घातलं की पगार कापला जाईल अशी धास्ती असली की ते घड्याळ खुंटीला राहतं. आमचं यंत्र खुंटीला राहिलं तर माणूस मरेल, एवढा सरळ हिशोब आहे. त्यांच्यासमोरच फर्मवेअरमध्ये काय साठतं ते दाखवलं: गॅसचे आकडे, अलार्म, हुक कधी लागला, वेलमध्ये किती वेळ. नाव नाही, जागा नाही. यंत्राला नंबर आहे आणि ते रोज कुणीही कुठलंही घेतो. सर आमच्या बाजूने ठाम उभे राहिले. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन सगळ्यांना हेच समजावलं, त्या तरुण पोराने दोनदा विचारलं, खरंच ना ताई? दोन्ही वेळा सांगितलं, खरंच.

6 मे

ऊन. पत्र्याखाली उभं राहवत नाही. घामाने पट्ट्याचं वेल्क्रो सुटतं, तिथे बकल लावले. लाल लाइट उन्हात दिसत नाही, वर काळी टोपी केली. एचटूएस सेलचा शून्य उन्हात थोडा सरकतो, तापमानाचं करेक्शन टाकलं, बंप टेस्ट आता कामाच्या जागी सावलीतच करायची. टेस्टचा सिलिंडर मिक्स गॅसचा, 25 पीपीएम एचटूएस, 100 पीपीएम कार्बन मोनॉक्साइड, 2.5 टक्के मिथेन, 18 टक्के ऑक्सिजन. एका सिलिंडरने चारही तपासून होतात. सिलिंडरला एक्सपायरी असते, एचटूएस त्यात हळूहळू कमी होत जातो, ती तारीख पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवली.

27 मे

पाऊस आला. 25 ला तळकोकणात आणि 26 ला मुंबईपुण्यात, जूनचा पहिला आठवडा धरून आखलेलं सगळं वेळापत्रक कोसळलं. ड्रेनेज लाइनीत पावसाचं पाणी घुसलंय, वेल तुडुंब, पंप चोवीस तास. पावसाळ्याआधी लाइनींची सफाई अर्धीच झाली होती, त्यामुळे आता सगळा कचरा वाहून इकडेच येणार. मामा म्हणाले महिनाभर झोप विसरा.

14 जून

पंप नंबर 2 सकाळी ट्रिप. विंचवर एक, ब्लोअरवर एक, मामा वर, खाली जाणारा तोच कमी बोलणारा. उतरायच्या आधी सॅम्पलिंग पाइप सोडून वर, मधे, तळाशी हवा तपासली, पाइप लांब असतो म्हणून प्रत्येक ठिकाणी गॅस मशीनपर्यंत यायला थांबायचं. एचटूएस शून्य, मिथेन शून्य, ऑक्सिजन 20.8. दोन्ही डिटेक्टर एकमत. हुक लागला, हिरवं झालं, उतरला.

त्याने पंपाच्या बुडाशी लोखंडी आकडा घालून चिंध्यांचा गोळा ओढला आणि खालचा गाळ ढवळला गेला. गाळात साचलेला गॅस ढवळल्यावरच सुटतो, म्हणून आधीची टेस्ट स्वच्छ असूनही असं होतं. मेमरीत दिसतंय, 0, 0, 3, 9, 22, मग 41 पीपीएम, हे सगळं दहाएक सेकंदात, आणि सेलला पूर्ण आकडा दाखवायला अर्धा मिनिट लागतं म्हणजे खरी हवा याहून वाईट होती. 9 ला पिवळं, 22 ला खाली आणि वर एकदम मामांचा आवाज. विकतचा डिटेक्टरही खाली वाजत होता, पण वर पत्र्यावर पाऊस आणि शेजारी जनरेटर, तो आम्हाला कुणालाच ऐकू आला नव्हता. पेटी वाजली म्हणून कळलं.

त्याने हातातला लोखंडी आकडा टाकला आणि शिडी धरली. विंचवाल्याने हँडल फिरवायला घेतलं, दोरी ताणत ताणत, म्हणजे मधेच हात सुटला असता तरी लटकला असता. ब्लोअरवाला शिडीच्या दिशेने दोन पावलं गेला आणि मग थांबून दुसऱ्या बाजूने हँडलला हात लावला. मी त्याच्यापासून चार फुटांवर होते, ते पाहिलं. खालचा आपल्या पायाने वर आला, डोळ्यांतून पाणी, खोकला, ओकारी. लगेच हॉस्पिटलला नेलं, दिवसभर देखरेखीखाली ठेवलं, संध्याकाळी घरी सोडलं. मामांनी काम तिथेच बंद केलं आणि सक्शन गाडी मागवली.

16 जून

त्यावरून बदल: उतरायच्या आधी वरूनच जेटने किंवा लांब बांबूने तळ ढवळायचा, ब्लोअर चालू ठेवून थांबायचं आणि मग पुन्हा तिन्ही पातळ्यांवर टेस्ट. दोन टेस्टच्या मधे ढवळल्याची नोंद झाल्याशिवाय पेटी हिरवी होणार नाही. ब्लोअरचा पाइप झाकणाच्या खाली लोंबकळत होता, तो आता तळापासून मीटरभरावर बांधायचा, ताजी हवा माणूस उभा आहे तिथे पोचली पाहिजे. आणि एचटूएस झपाट्याने चढत असेल तर 10 ची वाट न बघता चढण्याच्या वेगावरच लाल, तो कोड काल रात्री लिहिला, जुन्या डेटावर चालवला तर पिवळ्याच्याही आधी वाजला.

तो कमी बोलणारा आज कामावर परत आला. म्हणाला, "मामांचा आवाज आला म्हणून वर बघितलं, नाहीतर म्हणलं असतं एवढं ओढून घेऊ."

12 जुलै

आतापर्यंतच्या सगळ्या उतरण्याचा डेटा सर आणि मी एकत्र बसून बघितला. माणूस खाली का गेला, याची दोनच कारणं पुन्हा पुन्हा. फ्लोट स्विच चिंध्यांत गुंतला, किंवा पंप अडकला. पंप खरं तर साखळीने गाइड रेलवरून वर खेचता यायला पाहिजे, तो त्यासाठीच बनवलेला असतो, खाली जायचं कारणच नाही. पण रेल वाकलीय आणि बरीच वर्षं कुणी बदललेली नाही.

म्हणजे एक रेल बदलली, इनलेटला वरून उचलता येईल अशी जाळीची टोपली बसवली, आणि लोंबणाऱ्या फ्लोटऐवजी छताला रडार लेव्हल सेन्सर लावला (अल्ट्रासोनिक नको, फेसावरून नीट परत येत नाही) तर इथे उतरायचं बहुतेक काम संपतं. नगरपालिकेला प्रस्ताव दिला, आमच्याच यंत्राची मेमरी पुरावा म्हणून जोडून. मित्राने विचारलं, मग आपलं यंत्र कशाला लागेल? मला वाटतं ते ज्या स्टेशनवर धूळ खात पडेल ते स्टेशन चांगलं.

9 ऑगस्ट

गाइड रेल मंजूर, टोपलीही. रडार सेन्सर पुढच्या बजेटवर ढकलला, पाठपुरावा चालू आहे.

यंत्राचे नमुने सर्टिफिकेशनच्या टेस्टिंगसाठी धनबादच्या लॅबला पाठवायचे आहेत, ड्रॉइंग आणि बॅटरीचे कागद मित्र तयार करतोय. पहिल्या लॉटचे एचटूएस सेल 2027 च्या जानेवारीत बदलायचे, पूर्ण दोन वर्षांची वाट बघायची नाही, आणि तारीख प्रत्येक डबीच्या आत मार्करने लिहिली. शेजारच्या गावातल्या स्टेशनवरून मामांना फोन आलाय, त्यांना ट्रायपॉड कसा लावायचा ते बघायचंय. सोमवारी मामा आणि तो तरुण पोरगा तिकडे जाऊन पुतळ्यावर करून दाखवणार आहेत, वाळूची पोती ते इथूनच टेम्पोत टाकून नेणार. तिथल्या पेटीत आवाज मात्र तिथल्याच मुकादमाचा घ्यायचा.